डेट्रॉइटचा तेरावा मतदारसंघ : वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

मिशिगन राज्यातील डेट्रॉइट शहराचा मोठा भाग आणि भोवतालची काही उपनगरे मिळून अमेरिकी प्रतिनिधिगृहाचा तेरावा मतदारसंघ तयार होतो. बेळगाव जिल्ह्यातील चिकोडी येथे जन्मलेले, मराठी मातृभाषा असलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये तेथून निवडून आले, तेव्हापासून या मतदारसंघाविषयी मराठी वाचकांचे कुतूहल वाढले आहे. आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : ज्या मतदारसंघात कृष्णवर्णीय मतदारांचा गट सर्वांत मोठा आहे, तेथे बेळगावात वाढलेला उमेदवार कसा निवडून आला? (बेळगाव)

या प्रश्नाचे उत्तर नोव्हेंबरच्या निवडणुकीत नव्हे, ऑगस्टमधील प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे मतदार पक्षाचा उमेदवार निवडतात त्या निवडणुकीत, शोधावे लागते. तेराव्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळाली की विजय जवळजवळ निश्चित असतो, त्यामुळे खरी लढत पक्षाच्या आतच होते. मिशिगनमध्ये या लढतीची दुसरी फेरी नसते. ज्याला इतरांपेक्षा जास्त मते मिळतील तो उमेदवार, मग ती मते एकूण मतांच्या निम्म्याहून कितीही कमी असोत. २०२२ मध्ये डेमोक्रॅटिक मतपत्रिकेवर नऊ नावे होती आणि त्यांपैकी बहुतेक उमेदवार कृष्णवर्णीय होते. ठाणेदारांना सुमारे २८ टक्के मते मिळाली, तर दुसऱ्या क्रमांकावरील राज्य सिनेटर अ‍ॅडम हॉलियर यांना २३ टक्क्यांच्या थोडी वर. डेट्रॉइटचे प्रदीर्घ काळ प्रतिनिधी राहिलेले दिवंगत जॉन कॉन्यर्स यांचे चिरंजीवही त्याच शर्यतीत होते.

मात्र केवळ मतविभागणीवर बोट ठेवून थांबणे ठाणेदारांवर अन्यायाचे होईल. २०१८ मध्ये ते राज्यपालपदाची प्राथमिक निवडणूक लढले होते. राज्यात तिसरे आले, पण डेट्रॉइट शहरात त्यांनी सर्वाधिक मते घेतली होती. शहरातल्या ज्या वस्त्यांकडे उमेदवार सहसा फिरकत नाहीत, तेथे त्यांचे नाव आणि चेहरा तेव्हापासून माहीत झाला होता, आणि २०२० मध्ये ते डेट्रॉइटमधूनच राज्य विधिमंडळावर निवडून गेले. रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवल्यानंतर उद्योगातून उभी केलेली संपत्तीही त्यांच्या हाताशी होती आणि २०२२ च्या प्रचारात त्यांनी स्वतःचे अनेक दशलक्ष डॉलर ओतले. दुसऱ्या बाजूला, इस्रायलसमर्थक 'एपॅक' संघटनेशी संलग्न असलेल्या एका निधीने हॉलियर यांच्यासाठी चार दशलक्ष डॉलरहून अधिक खर्च केला. एका गरीब शहराच्या प्रतिनिधीची निवड इतक्या पैशांच्या गराड्यात व्हावी, ही गोष्ट मला गंभीर वाटते, मग त्यात यश आपल्या माणसाला मिळालेले का असेना.

त्या निकालाचा एक परिणाम मराठी बातम्यांत फारसा आला नाही, म्हणून तो नोंदवतो. जानेवारी १९५५ पासून डेट्रॉइटचा किमान एक कृष्णवर्णीय प्रतिनिधी वॉशिंग्टनमध्ये सतत होता. जानेवारी २०२३ मध्ये ही परंपरा खंडित झाली. शहरातील अनेक कृष्णवर्णीय नेत्यांनी तेव्हा जी वेदना व्यक्त केली ती व्यक्तिद्वेषातून आलेली नव्हती, आणि ती समजून घेण्यासाठी या मतदारसंघाचा इतिहास पाहावा लागतो.

प्रश्न : डेट्रॉइट पहिल्यापासून डेमोक्रॅटिक पक्षाचाच बालेकिल्ला होता का? (पुणे)

नाही. तेरावा मतदारसंघ १९२० आणि १९३० च्या दशकांत बराच काळ क्लॅरेन्स मक्लाउड या रिपब्लिकन नेत्याकडे होता. १९३७ ते १९४९ या काळात तो दोन्ही पक्षांत आलटून-पालटून फिरला : १९३६ मध्ये डेमोक्रॅट जॉर्ज ओब्रायन जिंकले, दोन वर्षांनी मक्लाउड परत आले, १९४० मध्ये पुन्हा ओब्रायन, आणि १९४६ च्या रिपब्लिकन लाटेत हॉवर्ड कॉफिन. ओब्रायन यांनी १९४८ मध्ये ही जागा परत घेतली, आणि त्यानंतर डेट्रॉइटमधील या जागेवर रिपब्लिकन उमेदवार निवडून आलेला नाही.

या बदलामागे दोन प्रवाह होते. पहिला मोटार उद्योगातील कामगार संघटनेचा. त्या काळी कृष्णवर्णीय मतदारांची निष्ठा लिंकनच्या पक्षाशी, म्हणजे रिपब्लिकनांशी होती, आणि डेट्रॉइटमध्ये त्या निष्ठेला हेन्री फोर्ड यांच्या कारखान्याचा आधार होता, कारण तेथे नोकरी मिळायची ती बहुधा चर्चच्या धर्मगुरूंच्या शिफारशीने. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या धोरणांनी हे मतदार डेमोक्रॅटिक पक्षाकडे वळू लागले, आणि १९४१ च्या संपानंतर फोर्डला युनायटेड ऑटो वर्कर्स या संघटनेला मान्यता द्यावी लागली, तेव्हा जुने धागे आणखी सैल झाले. दुसरा प्रवाह स्थलांतराचा होता. दक्षिणेतील राज्यांतून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबे घरे नाकारली गेल्यामुळे पूर्व भागातील ब्लॅक बॉटम आणि पॅराडाइज व्हॅली या दाट वस्त्यांत कोंडली गेली. या कोंडमाऱ्यामुळेच त्यांची मते एका मतदारसंघात एकवटली. पुढे नागरी पुनर्रचना आणि महामार्ग यांच्या नावाखाली त्याच वस्त्या पाडण्यात आल्या.

१९५४ च्या प्राथमिक निवडणुकीत चार्ल्स डिग्ज या तरुण राज्य सिनेटरने ओब्रायन यांना हरवले आणि ते मिशिगनचे पहिले कृष्णवर्णीय प्रतिनिधी झाले. १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाच्या हत्येचा खटला चालू होता, तेव्हा डिग्ज तेथील न्यायालयात जाऊन बसले. विद्यमान कृष्णवर्णीय प्रतिनिधीने त्या काळच्या मिसिसिपीत असे उघडपणे जाणे किती धोक्याचे होते, याची आज कल्पना करणेही अवघड आहे. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या काँग्रेशनल ब्लॅक कॉकस या कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधींच्या गटाचे ते पहिले अध्यक्ष होते. त्यांचा शेवट मात्र खेदजनक झाला. १९७८ मध्ये फसवणुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरूनही मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले, सभागृहाने त्यांची निर्भर्त्सना केली आणि १९८० मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

शेजारच्या मतदारसंघातून १९६४ मध्ये जॉन कॉन्यर्स प्राथमिक निवडणुकीत अवघ्या १०८ मतांनी जिंकले, आणि पुढे ५२ वर्षांहून अधिक काळ सभागृहात राहिले. वर्णभेदाविरुद्धच्या मॉन्टगोमेरीच्या बस-बहिष्काराला ज्यांच्यामुळे तोंड फुटले त्या रोझा पार्क्स १९६५ पासून १९८८ पर्यंत त्यांच्या डेट्रॉइट कार्यालयात काम करत होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर चौथ्या दिवशी कॉन्यर्स यांनी त्यांच्या जयंतीच्या राष्ट्रीय सुटीचे विधेयक मांडले. ते मंजूर व्हायला १९८३ साल उजाडले. डेट्रॉइटमध्ये ही जागा म्हणजे केवळ एक मत नव्हे, असे का मानले जाते, ते डिग्ज आणि कॉन्यर्स यांच्या कारकिर्दीवरून कळते.

प्रश्न : मतदारसंघाचा क्रमांक आणि सीमा वारंवार का बदलतात? १९९० च्या दशकातील तेरावा मतदारसंघ नकाशात मला डेट्रॉइटबाहेर दिसतो. (ठाणे)

आपले निरीक्षण बरोबर आहे. १९९३ ते २००३ या काळात तेरावा क्रमांक अ‍ॅन आर्बर परिसराकडे होता. २००३ नंतर तो डेट्रॉइटमध्ये परतला, आणि २०१३ ते २०२३ या दशकात शहराचा पश्चिम भाग व पुढची काही उपनगरे त्यात होती. कॉन्यर्स शेवटी याच जागेवर होते आणि त्यांच्यानंतर २०१८ मध्ये रशीदा तलाइब तेथून निवडून आल्या. क्रमांकावरून इतिहास शोधू गेल्यास फसगत होते; भूभागाचा माग काढावा.

भारतात लोकसभेच्या जागांचे राज्यनिहाय वाटप १९७१ च्या जनगणनेवर थांबलेले आहे, तर अमेरिकेत दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर जागा राज्याराज्यांत नव्याने वाटल्या जातात. मिशिगनकडे १९६० च्या दशकात १९ जागा होत्या, आज १३ आहेत. डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाखांच्या आसपास होती, ती २०२० मध्ये ६,३९,१११ झाली. मिशिगनच्या एका मतदारसंघात आता सुमारे पावणेआठ लाख लोक लागतात, म्हणजे सगळे शहर एकत्र केले तरी एक मतदारसंघ पुरा होत नाही.

सीमा पूर्वी विधिमंडळ आखत असे. २०१८ मध्ये मतदारांनी सुमारे ६१ टक्के मतांनी घटनादुरुस्ती करून हे काम तेरा नागरिकांच्या स्वतंत्र आयोगाकडे दिले : चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन आणि पाच कोणत्याही पक्षाशी संलग्न नसलेले. या आयोगाने डेट्रॉइट दोन मतदारसंघांत विभागले आणि प्रत्येकाला उपनगरांची जोड दिली. शहरात कृष्णवर्णीय तीन चतुर्थांशांहून अधिक आहेत, पण दोन्ही मतदारसंघांत त्यांचे प्रमाण निम्म्याच्या खाली आले. एका जागी कृष्णवर्णीयांचे निर्विवाद बहुमत ठेवण्यापेक्षा दोन जागांवर त्यांचा प्रभाव राहील, असे या आखणीचे समर्थन केले जाते. मला हा युक्तिवाद अपुरा वाटतो, कारण नोव्हेंबरचा निकाल आधीच ठरलेला असतो तेथे प्रभाव ऑगस्टमध्ये मोजावा लागतो. याच आयोगाने आखलेले डेट्रॉइट परिसरातील राज्य विधिमंडळाचे १३ मतदारसंघ वंशाच्या आधारे आखल्याच्या कारणावरून संघीय न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये रद्द ठरवले. अमेरिकी काँग्रेसचे, म्हणजे प्रतिनिधिगृहाचे, मतदारसंघ त्या खटल्यात नव्हते.

प्रश्न : उमेदवार मतदारसंघाचा रहिवासी असणे सक्तीचे आहे का? (नागपूर)

नाही. वय किमान २५ वर्षे, किमान सात वर्षांचे नागरिकत्व आणि निवडणुकीच्या वेळी त्या राज्यात वास्तव्य, एवढ्याच अटी राज्यघटनेत आहेत. मिशिगनमध्ये प्राथमिक निवडणुकीसाठी एक हजार वैध सह्या लागतात, आणि ही साधी दिसणारी अट डेट्रॉइटमध्ये अनेकांना नडली आहे. २०१४ मध्ये खुद्द कॉन्यर्स यांना अपात्र ठरवले गेले होते. संघीय न्यायाधीशांच्या आदेशाने त्यांचे नाव परत आले. २०२४ मध्ये हॉलियर यांच्या सह्या कमी भरल्या आणि ते मतपत्रिकेबाहेरच राहिले.

प्रश्न : निकाल ठरलेलाच असेल, तर तेथील लोक मतदान कशासाठी करतात? (मुंबई)

ठाणेदार २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये सुमारे ७१ टक्के आणि २०२४ मध्ये सुमारे ६९ टक्के मतांनी जिंकले, म्हणून प्रश्न स्वाभाविक आहे. पण त्याच मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षपद आणि सिनेट असते, आणि तेथे डेट्रॉइटचा मतदानाचा आकडा राज्याचा निकाल फिरवू शकतो. २०१२ मध्ये शहरात ओबामांना सुमारे २,८२,००० मते मिळाली. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना सुमारे २,३५,०००. टक्केवारीत त्या तेथे ९५ टक्क्यांवर होत्या, तरी मते सुमारे ४७,००० ने घटली, आणि संपूर्ण मिशिगन त्यांनी १०,७०४ मतांनी गमावले. शहर सोडून गेलेली माणसे हे घटीचे एक कारण आहे, पण चार वर्षांत एवढी घट केवळ स्थलांतराने होत नाही; अनेक जण घरीच राहिले.

प्राथमिक निवडणुकीत तर मूठभर मतेही पुरतात. ऑगस्ट २०१८ मध्ये, एकाच दिवशी, कॉन्यर्स यांच्या रिक्त जागेसाठी दोन डेमोक्रॅटिक लढती झाल्या : उरलेल्या काही आठवड्यांसाठीची पोटनिवडणूक ब्रेंडा जोन्स यांनी जिंकली आणि पूर्ण मुदतीची तलाइब यांनी, सुमारे नऊशे मतांच्या फरकाने. दोन्ही मतपत्रिकांवर उमेदवारांची यादी वेगळी होती, मते वेगळी विभागली गेली आणि त्याच मतदारांनी दोन वेगवेगळ्या स्त्रियांना निवडले.

शिवाय निष्ठा कायमची नसते. तेराव्या मतदारसंघातील हॅमट्रॅमक हे छोटे शहर एकेकाळी डॉज कारखान्यात राबणाऱ्या पोलिश कामगारांचे होते; आज तेथे येमेनी आणि बांगलादेशी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. गाझातील युद्धाच्या पार्श्वभूमीवर २०२४ मध्ये तेथील महापौरांनी डोनाल्ड ट्रम्प यांना पाठिंबा दिला, आणि जे शहर पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅटिक पक्षाने गृहीत धरले होते, तेथे कमला हॅरिस यांना अगदी थोडी आघाडी मिळाली.