पिच्चर कशावरून ठरवायचा? आमच्या आबांचं माप सांगतो

तुम्ही विचारलंय की गाजलेला पिच्चर चांगला का वाईट हे ठरवताना कथा बघायची, आशय बघायचा का करमणूक, आणि कशाला किती मार्क द्यायचे. मार्काचं मला जमत नाही. पण माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, गंगाखेडला थेटरात पिच्चरची मशीन चालवणारे ऑपरेटर होते, त्यामुळं ह्या विषयावर मी गप बसू शकत नाही.

आबांचं कथेचं माप एकच होतं. एक रीळ गाळून बघायचं. हजार फुटाचं रीळ म्हणजे साधारण 11 मिनिटं, अशी चौदा-सोळा रिळं डब्यातून यायची. बाजारच्या दिवशी गर्दी फुटायला लागली की मॅनेजर जादा खेळ लावायचा आणि वेळ बसवायला आबांना सांगायचा, मधलं एक खाऊन टाका. आबांना ते अजिबात आवडायचं नाही पण नोकरी होती. मारामारीच्या हिंदी पिच्चरमधलं रीळ गाळलं तर चिटपाखराला कळायचं नाही, एकदा तर दोन रिळं मागंपुढं लागली आणि पब्लिकनं शिट्ट्या मारतच पिच्चर संपवला. आबा म्हणायचे, रीळ गाळून कुणाला कळलं नाही तर त्यात गोष्टच नाही, नुसता वेळ भरलाय.

‘माहेरची साडी’ 1991 चा. आमच्याकडं आला तेव्हा मी चौथीत होतो आणि सगळा वेळ केबिनमध्येच असायचो. विजय कोंडके डायरेक्टर, अलका कुबल लेक, उषा नाडकर्णी सासू. खेड्यापाड्यातून बाया ट्रॅक्टरनं, एसटीनं यायच्या, भाकरी बांधून. तीनच्या खेळाला मॅनेजर म्हणला सासरच्या जाचातलं एक रीळ घेऊ नका, बायांची मुक्कामी गाडी हुकंल. कारण तसं चांगलं होतं. आबांनी गाळलं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात रीळ संपत आल्याचा गोल ठिपका आला, पुढचं रीळ लावलेली दुसरी मशीन चालू झाली आणि अर्ध्या मिनिटात खाली लेडीजमध्ये कालवा. एक म्हातारी पदर खोचून जिना चढून थेट केबिनच्या दारात आली, दार बडवलं आणि म्हणली, “अरे बाबा, मधलं कुठंय? मी दुसऱ्यांदा आलेय, सुनेला दाखवायला आणलंय, तेवढंच तर दाखवायचं होतं.” मॅनेजर खालून ओरडायला लागला की गाडीचं काय. म्हातारी म्हणली गाडी जाऊ द्या. आबांनी खेळ थांबवला, गाळलेलं रीळ डब्यातून काढून चढवलं, पुढचं उलटं गुंडाळून परत लावलं. घाईत फिल्म तुटली तर ब्लेडनं खरवडून, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून, अंगठ्यानं दाबून धरली, तो आंबूस वास मला अजून ओळखू येतो. खाली सगळ्या बाया अंधारात गप बसून राहिल्या. गाडी गेलीच. सात-आठ जणी रात्रभर स्टँडवर राहिल्या, आईनं त्यांना घरून पिठलं-भाकरी नेऊन दिली.

आता मला सांगा, ह्याला रडका पिच्चर म्हणून निकालात काढायचा? म्हातारीनं सुनेला काय दाखवायला आणलं होतं ते मला माहीत नाही, पण जे तिला घरात तोंडानं बोलता येत नव्हतं ते होतं एवढं नक्की, आणि आशय म्हणजे तेच असतं.

हे सगळं मी लिहितोय त्याचं कारण माझा पुण्यातला चुलतभाऊ. 2016 ला ‘सैराट’ आला त्या उन्हाळ्यात एका लग्नात पंगतीत विषय निघाला. तो म्हणला ‘फँड्री’ हा सिनेमा आहे, ‘सैराट’ म्हणजे नुसता गल्ला. आबा काहीतरी बोलायला गेले तर सगळ्यांच्या देखत म्हणला, “काका, तुम्ही मशीन चालवायचे, तुमचा विषय नाही हा.” आबा गप्प जेवत राहिले. मला ते आजपण टोचतं.

दुसऱ्याच आठवड्यात मी आबांना ‘सैराट’ला घेऊन गेलो. आबा पडद्याकडं कमी आणि मागं वळून लोकांकडंच जास्त बघत होते, जुनी सवय. ‘झिंगाट’ला पोरं पडद्यापुढं नाचली. आणि शेवटी ते लहान लेकरू रक्तातून चालत बाहेर येतं, आवाज पूर्ण बंद होतो, तेव्हा तीच पोरं खुर्चीला खिळलेली. लाईट लागली तरी कोणी उठंना. आबा बाहेर येऊन एवढंच म्हणले, “आधी नाचवलं नसतं तर हे लागलं नसतं.” करमणूक आणि आशय असे दोन वेगळे डबे नसतातच हो, एकाच मशीनवरून चालतात. आणि मराठीत 100 कोटी पहिल्यांदा त्यानं केले म्हणून तो हलका होत नाही. ‘फँड्री’ मला पण आवडतो, शेवटी पोरानं भिरकावलेला दगड अंगावरच येतो, पण आमच्याकडं तो बघायला किती लोक गेले? दोन्ही एकाच माणसाचे आहेत, नागराज मंजुळेंचे, मग एकाला डोक्यावर घेऊन दुसऱ्याला खाली कशाला पाडायचं.

बरं, आबांचं माप सगळीकडं चालतं असं नाही. ‘कोर्ट’ मी मोबाईलवर बघितला, त्यात गोष्ट अशी पळतच नाही, रीळ गाळलं तर कदाचित कळणार नाही, तरी पिच्चर एक नंबर आहे. आणि आमची बायको म्हणते ‘माहेरची साडी’नं बायांना सोसायलाच शिकवलं. तिचं पण खोटं नाही, ह्यावर माझ्याकडं उत्तर नाही.

तुम्ही एवढंच करा, पिच्चर बघून आल्यावर दुसऱ्या दिवशी न बघितलेल्या माणसाला गोष्ट सांगा. तो “मग काय झालं” म्हणतो का बघा. हे उत्तर मी भावाला पण पाठवणार आहे. त्यानं ‘फँड्री’ची गोष्ट फोनवर आबांना सांगावी, कुठं रीळ गळलं ते आबा बरोबर सांगतील.