एक ना धड?

‘मॅडम, मला एकही खेळ धड येत नाही. पोहते, पण पोहणाऱ्यांसारखी नाही. सायकल चालवते, पण सायकलवाल्यांबरोबर गेले की मागे पडते. एक ना धड, भाराभर चिंध्या!’

वाक्यं थोडीफार बदलतात, पण ही खंत मी गेली कित्येक वर्षं ऐकते आहे. बोलणारी माणसं बहुतेक पस्तिशी-चाळिशीतली असतात. नोकरी, घर सांभाळून पहाटे उठणारी, सुट्टीच्या दिवशी डोंगरात जाणारी. ती येतात झोपेच्या नाहीतर चिडचिडीच्या तक्रारीसाठी. तिसऱ्या-चौथ्या भेटीत हळूच हे बाहेर येतं, तेही जरा ओशाळून. एवढ्याशा गोष्टीसाठी समुपदेशकाचा वेळ घ्यावा का, असं त्यांना वाटतं. मला ती गोष्ट एवढीशी वाटत नाही. ज्यातून रोजचा आनंद मिळतो त्याच जागी माणूस स्वतःला नापास करत असेल, तर झोप उडणारच.

त्यातल्याच एका बाईंची ही हकीकत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि पाच महिन्यांच्या भेटी इथे थोडक्यात आणल्या आहेत.

त्या पोहत होत्या, सायकल चालवत होत्या, बॅडमिंटन खेळत होत्या, क्लाइंबिंग करत होत्या. मधली दोन वर्षं धावतही होत्या. घरचे त्यांना ‘आरंभशूर’ म्हणत. आधी गमतीने, मग सवयीने. आता त्या स्वतःच स्वतःला तेच म्हणू लागल्या होत्या.

‘चाळिशी उलटली. आता तरी एकात तरबेज व्हायलाच पाहिजे,’ त्या म्हणाल्या.

माझा कान त्या ‘च’कडे गेला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या विचारांवर माझी बैठक आहे, हे मी लपवत नाही. माणसाला छळते ती इच्छा नव्हे, इच्छेचा झालेला हट्ट, असं ते सांगत. आणि मराठीत हा हट्ट एका अक्षरात पकडता येतो. ‘व्हायला आवडेल’ म्हटलं की माणूस सरावाला जातो. ‘व्हायलाच पाहिजे’ म्हटलं की सरावाला जाताना पोटात गोळा येतो.

पण हे मी त्यांना लगेच सांगितलं नाही. पूर्वी सांगत असे. लोक मान डोलवत, घरी जात आणि पुढच्या वेळी तोच ‘च’ घेऊन परत येत. पटणं आणि उमगणं यांत अंतर आहे, हे मला माझ्या अशिलांनीच शिकवलं.

एकदा बोलता बोलता त्यांचे हात टेबलावर होते, तळवे वर. बोटांच्या मुळाशी पिवळसर घट्टे होते. मी विचारलं, ‘हे कशाचे?’

‘क्लाइंबिंगचे.’

‘आणि हा, अंगठ्याच्या आतल्या बाजूचा?’

‘रॅकेटची मूठ घासते तिथे.’ मग तळव्याची करंगळीकडची बाजू दाखवत म्हणाल्या, ‘इथे सायकल. लांब गेलं की हँडलवर सगळा भार येतो, करंगळीला मुंग्या येतात. म्हणून मी दर थोड्या वेळाने पकड बदलते.’

‘आणि पोहण्याची खूण कुठे?’

त्या हसल्या. पहिल्यांदाच. ‘पोहण्याची खूण राहत नाही, उलट ते बाकीच्या पुसतं. पाण्यात घट्टे मऊ पडतात. क्लाइंबिंगच्या आदल्या दिवशी मी पोहतच नाही. मऊ कातडी खडबडीत होल्डवर सोलून निघते.’

‘हे कोणी शिकवलं?’

‘कोणी नाही. करता करता कळलं.’

मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात आवडणारं कौशल्य आहे. त्या आपल्या हाताकडे बघत राहिल्या. मग सावकाश म्हणाल्या, ‘नुसतं पोहणाऱ्याला हे माहीत असायचं कारण नाही, नाही का?’

‘आता यातली कोणती खूण खोडू?’ मी विचारलं.

त्यांनी मूठ मिटून घेतली.

एरवी अर्ध्या वाक्यावर थांबणाऱ्या या बाई त्या दिवशी वीस मिनिटं न थांबता बोलल्या. मला तेव्हा स्पष्ट दिसलं की त्यांच्यात उणीव नव्हती. त्यांच्याकडे फूटपट्ट्या चार होत्या. पोहताना त्या स्वतःला सर्वोत्तम पोहणाऱ्याशी मोजत, सायकलवर सर्वोत्तम सायकलपटूशी. चार स्पर्धांत चार वेगळी माणसं त्यांना हरवत होती, आणि चारही पराभव एकाच व्यक्तीच्या नावावर जमा होत होते.

‘पण खरे खेळाडू एकच खेळ धरतात ना?’ पुढच्या भेटीत त्यांनी विचारलं. मी डेकॅथलॉनचं उदाहरण दिलं. दोन दिवसांत दहा प्रकार, शेवटी 1500 मीटर धावणं. हे अंतर 3 मिनिटं 26 सेकंदांत धावण्याचा हिशाम अल गेरूजचा विक्रम 1998 पासून टिकून आहे. डेकॅथलॉनमधल्या अव्वल खेळाडूंनाही तिथे साधारण साडेचार मिनिटं लागतात. म्हणून त्यांना कोणी कच्चा धावपटू म्हणत नाही. तिथे गुण क्रमांकावर नसतात, वेळ आणि अंतरावर असतात, आणि बघितली जाते ती दहांची बेरीज.

इथवर सगळं सुखाचं होतं. पण प्रत्येक बदलाला मी ‘विविधता’ म्हणून टाळ्या वाजवत नाही. काही वेळा ती खरंच पळवाट असते. ओळखायचं कसं? मी त्यांना लिहून आणायला सांगितलं : कोणता खेळ कधी सोडला आणि पुन्हा कधी धरला.

कागद बोलका होता. पोहणं थंडीत सुटलं, उन्हाळ्यात परत. बॅडमिंटन गुडघ्यामुळे सुटलं, चार महिन्यांनी परत. क्लाइंबिंग, सायकल, सगळं सुटलं आणि परत धरलं. धावणं मात्र सुटलं ते सुटलंच. 10 किलोमीटरच्या शर्यतीत नाव दिलं होतं आणि त्या दिवशी सकाळी गेल्याच नव्हत्या.

‘ग्रुपमधल्या सगळ्या तासाभरात पोचतात. मला सव्वा तास लागतो,’ त्या म्हणाल्या. डोळे भरून आले होते.

धरसोडीत मी सोडण्याकडे फारसं बघत नाही, पुन्हा धरण्याकडे बघते. ज्याच्याकडे तुम्ही परत येता तो खेळ तुमचाच आहे, मध्ये सहा महिने गेले तरी. जो एका विशिष्ट दिवशी, एका विशिष्ट भीतीने सुटला, त्याच्याशी मात्र एकदा बसून बोलायला हवं. तोही सोडायचा असेल तर खुशाल सोडावा, फक्त भीतीला कंटाळा म्हणू नये.

अनेक खेळ खेळणाऱ्यांना मी आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. नव्या खेळात आपला दम आपल्याला फसवतो. पोहून-सायकल चालवून हृदय, फुप्फुसं तयार असतात, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात लांब धावता येतं. पण धावण्याचे हादरे सोसणारी हाडं आणि स्नायूबंध सावकाश तयार होतात, कधी कधी महिने घेतात. दुखापत झाली की मग ‘बघ, मला हेही जमलं नाही’ सुरू. म्हणून नव्या खेळात तुम्ही तंदुरुस्त असलात तरी नवशिक्याच असता, हे धरून चाला. एखाद-दुसरा खेळ वर्षभर पायासारखा ठेवा, बाकीचे ऋतूप्रमाणे येऊ-जाऊ द्यात. आणि आरोग्याचा हिशोब म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशी प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारं काम सांगतात. तो कोणत्या एका खेळातूनच व्हावा, अशी अट त्यात नाही.

बाईंनी पुन्हा धावायला सुरुवात केली ती एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं अशी. काही महिन्यांनी त्या शर्यतीला गेल्या. 1 तास 17 मिनिटं लागली. ‘शेवटच्या टप्प्यात जोर लावायलाच... नाही, लावावासा वाटला,’ फोनवर सांगताना त्यांनी स्वतःला मध्येच दुरुस्त केलं. ते ऐकून मला झालेला आनंद मी त्यांना बोलून दाखवला.

शेवटच्या भेटीला त्या आल्या आणि खुर्चीत बसायच्या आधीच हात पुढे केला. अंगठ्याच्या बेचक्यात एक ताजा फोड होता.

‘हा वल्ह्याचा,’ त्या म्हणाल्या.