रंगमंच व्यवस्थापक म्हणून कारकीर्द करता येते का, आणि त्यासाठी नेमके काय शिकावे लागते?

आपण विचारले आहे की, हौशी संस्थेच्या काही नाटकांची पडद्यामागची बाजू सांभाळल्यापासून आपल्याला या कामाची गोडी लागली आहे, अभिनयाची किंवा दिग्दर्शनाची हौस मुळीच नाही, तर केवळ रंगमंच व्यवस्थापक म्हणून आयुष्यभर काम करता येते का आणि सुरुवात कुठून करावी. मी गेली अनेक वर्षे हेच काम करत आले आहे. तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, इतके सांगून दुसऱ्या प्रश्नाकडे वळते, कारण पहिल्याचे उत्तरही बरेचसे त्यावरच अवलंबून आहे.

रंगमंच व्यवस्थापक म्हणजे विंगेतून विंगेत पळणारा, प्रत्येकाच्या हाकेला ओ देणारा आणि ऐन वेळी हरवलेली टोपी शोधून आणणारा माणूस, अशी एक समजूत आहे. हौशी नाटकांत बहुधा तसेच घडते आणि त्या धावपळीची एक नशाही असते. परंतु प्रयोगाच्या वेळी व्यवस्थापकाला पळावे लागले, तर तयारीत कुठेतरी कसर राहिली आहे, असेच मी समजते. या कामाचा गाभा लिहिण्यात आहे. नाटक तालमीत जसे ठरत जाते तसे ते कागदावर इतक्या नेमकेपणाने उतरवायचे की, उद्या आपण आलो नाही तरी दुसऱ्या जाणकार माणसाला त्या कागदांच्या आधारे प्रयोग चालवता यावा. ज्याला सगळे तोंडपाठ आहे पण ज्याने काहीच लिहून ठेवलेले नाही, असा व्यवस्थापक संस्थेला अपरिहार्य वाटतो खरा. माझ्या मते मात्र तो संस्थेच्या डोक्यावरचा धोका असतो.

या कागदांतला मुख्य दस्तऐवज म्हणजे प्रॉम्प्ट बुक. एका बाजूला संहितेचे पान आणि समोरच्या पानावर नटांच्या हालचाली, प्रकाशाचे, ध्वनीचे व नेपथ्यबदलाचे क्यू, म्हणजे ठरलेल्या क्षणी बदल करण्याच्या सूचना, अशी त्याची साधारण रचना असते. एक उदाहरण घेऊ. समजा, एका प्रवेशाच्या शेवटी म्हातारा पत्र वाचून संपवतो, घडी घालतो, कंदिलावर फुंकर मारतो, काळोख होतो आणि दूरवर आगगाडीची शिटी ऐकू येते. प्रेक्षकाला ही एकच घटना वाटते, पण बुकात ती प्रकाश ४५ आणि ध्वनी १८ अशा दोन क्यूंची असते. साधारण अर्धे पान आधी मी हेडसेटवर ‘प्रकाश ४५, ध्वनी १८, स्टँडबाय’, म्हणजे तयार राहा, असे म्हणते आणि प्रकाश व ध्वनीची यंत्रे हाताळणारे दोन्ही चालक ‘स्टँडबाय’ म्हणून उत्तर देतात. त्यानंतर त्या वाहिनीवर दुसरा शब्द निघत नाही. आता ‘गो’ कधी म्हणायचे? नटाने फुंकर मारलेली पाहून म्हटले, तर माझा शब्द चालकाच्या कानी पडून त्याचे बोट बटणावर पडेपर्यंत फुंकर संपलेली असते आणि कंदील क्षणभर उगाच जळत राहतो. म्हणून बुकात खूण फुंकरीवर नसते, तर नट मान खाली घालून श्वास घेतो त्या जागी असते. शिटीचे याच्या उलट असते. ती काळोखाला चिकटून आली तर प्रेक्षकांना म्हाताऱ्याचा एकटेपणा जाणवायला वेळच मिळत नाही, म्हणून तिथे ‘पूर्ण काळोखानंतर दोन मोजून’ असे लिहिलेले असते. हे ‘दोन’ दिग्दर्शकाने तांत्रिक तालमीत पाच-सहा वेळा करून पाहून ठरवलेले असतात आणि ते जपणे हे माझे काम असते. ‘गो’ हा शब्द हेडसेटवर इतर कोणत्याही कारणासाठी उच्चारायचा नाही, हा नियम तर नवख्याला पहिल्याच दिवशी सांगितला जातो, कारण गप्पांच्या ओघात तो कोणाच्या तोंडून निघाला आणि चालकाचे बोट बटणावर असले, तर भर प्रवेशात अंधार होऊ शकतो.

तालमींच्या काळात काम वेगळे असते आणि, खरे सांगायचे तर, मला तेच अधिक आवडते. नेपथ्याचा आराखडा तालमीच्या जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्यांनी खऱ्या मापात आखायचा, म्हणजे नट पहिल्या दिवसापासून दार जिथे असेल तिथूनच आत येतात. खुर्ची कुठे होती याची खूण करायची, दिग्दर्शकाने मंगळवारी बदललेली हालचाल बुधवारी नटाला आठवत नसेल तर बुकातून वाचून सांगायची, आणि ही खोडाखोड अखेरपर्यंत चालत असल्याने पेन्सिलीनेच लिहायचे. दिवसअखेरीस प्रत्येक विभागाला अहवाल पाठवायचा. कोटाला आतला खिसा लागेल ही गोष्ट वेशभूषाकाराला तालमीच्या दुसऱ्या आठवड्यात कळली तर तो खिसा सहज शिवला जातो, पण रंगीत तालमीच्या दिवशी कळली तर भांडण होते.

माझ्या हातून झालेली एक चूक इथे सांगणे उपयोगाचे ठरेल. मी सहायक असताना प्रयोगापूर्वी प्रॉपर्टीचे, म्हणजे नटांना प्रयोगात लागणाऱ्या वस्तूंचे, टेबल तपासण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. यादी होती, तिच्यापुढे खुणा करायच्या चौकटीही होत्या. पंधरा-वीस प्रयोगांत सगळ्या वस्तू रोज जागच्या जागी सापडल्यामुळे मी हळूहळू टेबलाकडे एक नजर टाकून सगळ्या खुणा एका दमात करू लागले होते. एका रात्री नटाने खिशात हात घातला तर पत्रच नव्हते. त्याने टेबलावरचे वर्तमानपत्र उचलले आणि ते उघडून त्यातून पत्र ‘वाचले’, त्यामुळे प्रेक्षकांच्या लक्षात आले नाही, पण विंगेत उभी असलेली मी मात्र थंड पडले. व्यवस्थापकांनी मला रागावून काही म्हटले नाही. त्यांनी ती यादी माझ्यासमोर ठेवली आणि पत्रापुढची खूण कोणाची आहे एवढेच विचारले. तेव्हापासून प्रत्येक वस्तूला हात लावल्याशिवाय मी तिच्यापुढे खूण करत नाही, आणि माझ्या सहायकांना हा माझा अतिरेक वाटतो याची मला कल्पना आहे.

प्रयोग सुरू झाल्यावर दिग्दर्शक बहुधा पुढच्या कामाला लागतो आणि नाटक व्यवस्थापकाच्या हाती राहते. लंडनमध्ये १९५२ साली सुरू होऊन अनेक दशके चालत राहिलेल्या ‘द माउसट्रॅप’सारख्या नाटकात नटसंच वेळोवेळी बदलत आले आहेत. अशा ठिकाणी नव्या नटाला उभे कुठे राहायचे आणि का, हे सांगणारा आधार बुकच असतो. थोडेच दिवस चालणाऱ्या नाटकातही नट नकळत विराम लांबवू लागतात. म्हणून प्रत्येक अंकाची वेळ अहवालात नोंदवायची असते, कारण ५२ मिनिटांचा अंक महिन्याभरात ५६ मिनिटांवर गेला तर तो एका रात्रीत गेलेला नसतो. अहवालाची भाषा कोरडी असावी. ‘क्यू ६२ उशिरा, चूक माझी’ असे ज्याला लिहिता येते, त्याने दुसऱ्याच्या चुकीची नोंद केली तरी कोणी दुखावत नाही.

एका बाबतीत मात्र कोरडेपणा पुरत नाही, ती म्हणजे सुरक्षितता. ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरॉक्वॉय थिएटरमध्ये दुपारच्या प्रयोगात दिव्याच्या ठिणगीने पडद्याने पेट घेतला, आगरोधक पडदा खाली येताना मध्येच अडकला, बाहेर जाण्याची कित्येक दारे उघडली नाहीत आणि ६०० हून अधिक माणसे मेली. ते नाट्यगृह अगदी नवे होते. मी हे नव्या सहायकांना घाबरवण्यासाठी सांगत नाही. पडदा खाली येतो का, दारे उघडतात का, हे रोज पाहण्याची कंटाळवाणी गोष्ट आपल्याकडे का आली आहे, हे त्यांना कळावे म्हणून सांगते. चालू प्रयोग थांबवण्याचा अधिकार व्यवस्थापकाचा असतो. प्रयोग थांबवताना प्रेक्षकांना काय सांगायचे ती दोन वाक्येसुद्धा माझ्या टेबलावर लिहून चिकटवलेली असतात, कारण त्या क्षणी शब्द सुचत नाहीत.

आता कारकिर्दीविषयी. ब्रिटिश पद्धतीत सहायक, डेप्युटी आणि मग स्टेज मॅनेजर अशा पायऱ्या असतात आणि बुकासमोर बसून क्यू देण्याचे काम बहुधा डेप्युटी करतो. अमेरिकेत ते प्रॉडक्शन स्टेज मॅनेजर किंवा त्याचा सहायक करतो. म्हणून जाहिरातीतल्या पदनामावर जाऊ नये, प्रत्यक्ष काम काय आहे ते विचारावे. सूचनांच्या वेळाही अशाच वेगळ्या असतात. ब्रिटनमध्ये ‘अर्धा तास’ ही सूचना पडदा उघडण्याच्या ३५ मिनिटे आधी दिली जाते, कारण नटांनी पाच मिनिटे आधी जागेवर असावे लागते. अमेरिकेत ती बरोबर ३० मिनिटे आधी देतात. तिथे १९१३ मध्ये स्थापन झालेल्या अ‍ॅक्टर्स इक्विटी असोसिएशनमध्ये नटांबरोबर व्यवस्थापकही सभासद असतात. जिथे अशी संघटना नाही, तिथे कामाचे तास, सुटीचा दिवस आणि मोबदला मिळण्याची तारीख तालमीपूर्वीच लेखी ठरवून घ्यावी. दुसऱ्यांचे वेळापत्रक मिनिटागणिक आखणारी आमची जात स्वतःच्या कराराबाबत मात्र कमालीची गाफील असते.

प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम आहेत आणि ते चांगले असतात, विशेषतः तिथे सोबत शिकणारे प्रकाशयोजनाकार आणि ध्वनिसंयोजक पुढे आपल्याला कामाला बोलावतात म्हणून. पण त्यावाचून अडत नाही. सहायक म्हणून मिळेल त्या निर्मितीत शिरावे, नेपथ्याचा आराखडा मापाने वाचायला शिकावे, प्रकाशनियंत्रकाच्या शेजारी बसावे, ध्वनी चालवण्यासाठी सर्रास वापरले जाणारे क्यूलॅब हे सॉफ्टवेअर हाताळून पाहावे, प्रथमोपचार शिकावेत. संगीत वाचता येत असेल तर ऑपेरा आणि नृत्य ही क्षेत्रे खुली होतात, कारण तिथे क्यू शब्दावर नसून स्वरलिपीतल्या मात्रेवर असतो. मोठे समारंभ आणि परिषदा यांनाही हेच कौशल्य लागते. दोन नाटकांमधले रिकामे महिने मी अनेकदा त्यांवर काढले आहेत आणि त्यात कमीपणा मानलेला नाही.

रिकामे महिने येतात, हे लपवण्यात अर्थ नाही. संध्याकाळी आपण कामावर असतो, त्यामुळे इतरांच्या घरची कार्ये चुकतात. पडदा पडल्यावर टाळ्या दुसऱ्यांसाठी असतात, आणि ज्याला याचे मनात कुठेतरी दुखते त्याने हा व्यवसाय करू नये. पुढचे काम जाहिरातींपेक्षा मागच्या सहकाऱ्यांच्या शिफारशीने मिळते, आणि त्यांना आपल्या चतुराईपेक्षा आपण वेळेवर आलो होतो का, आवाज चढवला होता का, हेच आठवते. मला एकदा नाटकाचे प्रयोग चालू असताना ताप आला आणि सलग तीन प्रयोग माझ्या सहायकाने बुकावरून चालवले. त्या तीन अहवालांत नोंद घेण्याजोगे काहीच नव्हते. त्याच निर्मात्याने नंतर मला आणखी चार नाटके दिली.

आपल्याला लगेच काही करायचे असेल, तर मागे सांभाळलेल्या नाटकांपैकी एकाचे प्रॉम्प्ट बुक आता तयार करा. मग ते, नाटक न पाहिलेल्या मित्राच्या हाती द्या, प्रयोगाचे चित्रीकरण लावा आणि त्याला क्यू द्यायला सांगून स्वतः गप्प बसा. तो जिथे जिथे मान वर करून आपल्याकडे पाहील, तिथे तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवा, आणि त्या जागी काय लिहायचे राहिले आहे ते शोधा.