रोबोटिक्स स्पर्धेतल्या टीम्सनी मिळून लिहायची लेखांची वेबसाइट काढतोय. लेख येणार कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रोबोटिक्स स्पर्धांत उतरणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, त्यांनीच लिहिलेल्या लेखांची वेबसाइट काढायची आहे. तुम्ही चौघं आहात, डिझाइन झालंय, डोमेन घेतलंय, ‘तुमचा लेख पाठवा’ असं एक पानही तयार आहे. आता लेख कसे मिळवायचे, कोणीही येऊन बदल करेल असं विकी ठेवायचं की तपासून मगच टाकायचं, आणि सुरुवात कधी करायची? मी आधी टीममध्ये होतो, नंतर मेंटर झालो आणि अशाच एका साइटचं संपादन बराच काळ केलं. त्यावरून सांगतो.

‘तुमचा लेख पाठवा’ हे पान तूर्त काढून टाका. ज्यांना खरंच काही येतं ती मुलंमुली सीझनमध्ये रात्री उशिरापर्यंत वर्कशॉपमध्ये असतात आणि सीझन संपला की बुडालेला अभ्यास भरून काढत असतात. त्यात ‘लेख’ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर निबंध उभा राहतो. मग जे लेख येतात ते ‘रोबोटिक्स आणि भविष्य’ छापाचे. हल्ली तर ते चॅटबॉटकडून लिहून घेतलेले असतात आणि सगळे एकाच तोंडवळ्याचे. माझी कसोटी सोपी होती: मजकुरात ‘आमच्या रोबोवर असं झालं’ या अर्थाचं एकही वाक्य नसेल, तर तो परत पाठवायचा.

लेख मागण्याऐवजी दिलेली उत्तरं गोळा करा. ती रोज कुठे ना कुठे दिली जात असतात: टीमच्या ग्रुपवर, पिटमध्ये (स्पर्धेच्या ठिकाणी टीमला मिळणारी दुरुस्तीची जागा), दोन मॅचच्या मधल्या वेळात. एक नमुना देतो. एफआरसीच्या (फर्स्ट या संस्थेची मोठ्या रोबोंची स्पर्धा, फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन) एका नव्या टीमने विचारलं, ‘मॅच सुरू झाली की थोड्या वेळाने रोबो अडखळतो, क्षणभर थांबतो, परत चालतो. कोडमध्ये काय चुकत असेल?’ एकाने ड्रायव्हर स्टेशनचा, म्हणजे रोबो चालवणाऱ्या लॅपटॉपवरच्या प्रोग्रामचा, लॉग मागितला. त्यात सगळे मोटर एकदम जोर लावतात त्या क्षणी व्होल्टेज सात-आठच्या खाली गेलेलं दिसत होतं. दुसऱ्याने सांगितलं की हा ब्राउनआउट आहे: पहिल्या पिढीच्या रोबोरिओवर (रोबोचा मुख्य कंट्रोलर) व्होल्टेज 6.3 च्या खाली गेलं की तो स्वतःला वाचवण्यासाठी मोटरचं आउटपुट बंद करतो. रोबोला वायरलेसने जोडणाऱ्या रेडिओची वीज गेली असती तर तो परत जोडला जायला कितीतरी जास्त वेळ लागला असता, त्यामुळे संशय रेडिओवर नको. टीमचं म्हणणं, ‘पण बॅटरी तर फुल आहे, मीटरवर साडेबाराच्या वर दाखवते.’ त्यावर तिसऱ्याने लिहिलं, ‘मीटर लावता तेव्हा बॅटरीवर भार नसतो. भार आला की सैल जोडावर व्होल्टेज पडतं. टर्मिनलला बोल्टने आवळलेलं केबलचं टोक बोटांनी हलवून बघा.’ ते हललं. पाना घेतला, नट आवळला, काम झालं.

आता हीच देवाणघेवाण साइटवर कशी यायला हवी ते बघा. शीर्षकात ‘ब्राउनआउट’ नको, कारण ज्याला तो शब्द माहीत आहे त्याचं निम्मं काम झालेलंच आहे. शीर्षक ‘मॅचमध्ये रोबो मध्येच अडखळतो’ असं असावं, म्हणजे अडचणीत सापडलेला माणूस जे शब्द टाइप करेल तेच. त्याखाली तपासायचा क्रम, सर्वांत सोपं आणि सर्वांत जास्त वेळा सापडणारं आधी. प्रत्येक पायरीला काय दिसलं तर काय समजायचं, हे लिहायचं. ‘कॅनची वायरिंग तपासा’ (कॅन म्हणजे रोबोतले कंट्रोलर एकमेकांशी जोडणारी दोन वायरींची लाइन) या वाक्याचा काडीचा उपयोग नाही. ‘रोबो बंद करून पिवळ्या आणि हिरव्या वायरीमध्ये रेझिस्टन्स मोजा, साधारण 60 ओहम यायला हवा, 120 आला तर एका टोकाचा टर्मिनेटर (टोकाला लावायचा रेझिस्टर) लागलेला नाही किंवा वायर मध्येच तुटली आहे, 40 च्या आसपास आला तर कुठेतरी तिसरा लागलाय’ हे वाचून पहिल्या वर्षीचा विद्यार्थीही कामाला लागतो.

हे लिहिणारा तो उत्तर देणारा नसेल, तुमच्यापैकीच कोणीतरी असेल. उत्तर देणाऱ्याला म्हणायचं, ‘तू काल जे सांगितलंस ते मी नीट मांडून पाठवतो, तू फक्त चुकलंय तिथे खूण कर.’ लिहायला नाही म्हणणारे खोडायला मात्र हौसेने बसतात. माझ्या अनुभवात उत्तम मजकूर असाच आला: व्हॉइस मेसेज ऐकून उतरवलेला, रोबोसमोर उभं राहून विचारून घेतलेला, मग त्यांच्याकडून दुरुस्त झालेला. खाली नाव त्यांचंच द्यायचं. असं दोनतीनदा झालं की त्यातला एखादा स्वतःहून लिहून पाठवतो. तेव्हा ते ‘लेख पाठवा’ पान परत लावा, हवं तर.

थोडक्यात, तुम्हाला आत्ता लेखकांपेक्षा संपादक जास्त हवेत. चौघांतले दोघं तरी पूर्णवेळ याच कामाला लावा.

काय लिहायचं हे ठरवण्याआधी आधीपासून काय आहे ते वाचून काढा. एफटीसीसाठी (फर्स्टचीच लहान रोबोंची स्पर्धा) ‘गेम मॅन्युअल झिरो’ हे टीम्सनीच लिहिलेलं मार्गदर्शक आहे आणि ते फार चांगलं आहे. एफआरसीत डब्ल्यूपीआयलिब या प्रोग्रामिंग लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये बाहेरचे लोकही दुरुस्त्या पाठवतात. व्हेक्स या दुसऱ्या स्पर्धेवाल्यांसाठी पर्ड्यू विद्यापीठाच्या सिगबॉट्स टीमचं विकी आहे. पीआयडी (मोटर नेमक्या वेगाला किंवा जागी आणायची नियंत्रण पद्धत) म्हणजे काय हे समजावणारं आणखी एक पान जगाला नकोय. जिथे खरी पोकळी आहे ते विषय वेगळे: कमी पैशांत पहिल्या वर्षी काय घ्यावं आणि काय टाळावं, वस्तू उचलायला आर्मऐवजी सरळ वर-खाली जाणारा एलिव्हेटर का निवडला आणि नंतर पश्चात्ताप झाला का, पिटमध्ये सहाच जणांनी कामं कशी वाटून घ्यावीत, जज प्रश्न विचारतात तेव्हा बुजऱ्या मुलांनी काय करावं, सीनियर निघून गेल्यावर कोड कोणाला कळतो. असे निर्णय आणि त्यांची किंमत अधिकृत कागदपत्रांत कधीच नसते. फसलेल्या यंत्रणांबद्दल आवर्जून विचारा. जिंकलेल्या रोबोचे फोटो सगळीकडे मिळतात, तिसऱ्या आठवड्यात भंगारात टाकलेल्या इनटेकबद्दल (वस्तू आत ओढून घेणारी यंत्रणा) कोणी लिहीत नाही.

विकी की तपासून? यावर लोक तावातावाने भांडतात, पण एक जुनं उदाहरण पुरे आहे. विकिपीडियाच्या आधी, 2000 साली, त्याच मंडळींनी न्यूपीडिया काढला होता. तज्ज्ञांनी लिहायचं, मग तपासणीच्या सात पायऱ्या. पहिल्या वर्षभरात जेमतेम 21 लेख पार झाले. जानेवारी 2001 मध्ये दार उघडं ठेवून विकिपीडिया सुरू केला, तर त्याने पहिल्याच महिन्यात तो आकडा कितीतरी मागे टाकला. म्हणून सात पायऱ्या नकोत. पण दार सताड उघडंही नको. छोट्या उघड्या विकीवर आधी जाहिरातबाज बॉट पोचतात, वाचक नंतर.

मी मधली वाट धरेन. बहुतेक मजकूर एका संपादकाने नजर टाकून लगेच चढवायचा, चुका नंतर वाचक दाखवतात. अपवाद फक्त ज्याने इजा होऊ शकते त्याचा: बॅटरी, न्यूमॅटिक्स (दाबलेल्या हवेवर चालणारे भाग), ताणलेल्या स्प्रिंगा आणि रबर, वर्कशॉपमधली यंत्रं. एफआरसीत हवा 120 पीएसआयपर्यंत साठवता येते आणि कामाचा दाब 60 असतो. हे दोन आकडे कोणी उलटसुलट लिहिले तर त्याचा परिणाम टायपोपुरता राहत नाही. अशी पानं एखाद्या जाणकार मेंटरने वाचून होकार दिल्याशिवाय दिसताच कामा नयेत, मग त्यात महिना गेला तरी चालेल.

आता ज्या गोष्टीने अशा साइट हळूहळू निकामी होतात ती सांगतो: जुना झालेला मजकूर. या स्पर्धांचे नियम दरवर्षी हलतात. एफआरसीत 2019 पर्यंत ठरलेल्या दिवशी रोबो पिशवीत घालून सील करावा लागायचा; 2020 पासून ते बंद झालं. त्या काळातले ‘सरावासाठी दुसरा रोबो बांधाच’ हे सल्ले आजही फिरतात, पण त्यामागचं मोठं कारणच उरलेलं नाही. रोबोच्या वजनाची मर्यादा वर्षानुवर्षं 125 पाउंड होती, 2025 मध्ये ती 115 झाली. रोबोरिओची दुसरी आवृत्ती आली तेव्हा मी वर दिलेला 6.3 चा आकडाही तिला जसाच्या तसा लागू राहिला नाही. आणि 2027 पासून रोबोरिओच्या जागी सिस्टिमकोअर हा नवा कंट्रोलर येणार असल्याचं फर्स्टने जाहीर केलंय, म्हणजे वायरिंगवरची सगळी पानं एका झटक्यात संशयास्पद ठरतील.

त्यामुळे प्रत्येक पानाच्या माथ्यावर तीन गोष्टी ठळक हव्यात: कोणती स्पर्धा, कोणता सीझन, शेवटचं कोणी तपासलं. दुसरं, नियमांचे आकडे मजकुरात पेरू नका, शक्य तिथे थेट त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेकडे बोट दाखवा. तिसरं, दरवर्षी नवीन गेम (त्या सीझनचं आव्हान) जाहीर झाल्यावर एक दिवस सगळे मिळून जुनी पानं वाचायला बसा. ज्याची खात्री देता येत नाही त्यावर ‘जुनं’ असा शिक्का मारा. पान काढून मात्र टाकू नका. जुन्या रोबोवर सराव करणाऱ्या टीम्स असतातच.

बक्षिसांबद्दल जरा कडू बोलतो. इतरांना मदत केल्याची या स्पर्धांत कदर होते, एफआरसीतला इम्पॅक्ट अवॉर्ड तर त्यासाठीच ओळखला जातो. चांगलीच गोष्ट आहे, आणि टीम्सना लिहितं करायला ती कामाला येते. पण जजना दाखवण्यापुरत्या काढलेल्या साइट मी भरपूर पाहिल्यात. शेवटचा बदल स्पर्धेच्या आदल्या आठवड्यातला, त्यानंतर शुकशुकाट. तुमच्याकडेही ‘आमच्या टीमने किती जणांना शिकवलं’ असे लेख येतील. ते नम्रपणे नाकारा, नाहीतर साइट जाहिरातींची भिंत होईल.

तंत्राच्या बाजूला फार वेळ घालवू नका. मजकूर साध्या मार्कडाउन फायलींत ठेवा, गिटमध्ये (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी प्रणाली), म्हणजे उद्या होस्टिंग बदललं तरी सगळं उचलून नेता येतं. पण गिट येणं ही लेखकासाठी अट नको. गिअरबॉक्स उत्तम जमणाऱ्या मुलीला पुल रिक्वेस्ट (गिटवर बदल सुचवायची रीत) काय ते माहीत नसतं आणि तिने शिकण्याचं कारणही नाही. पानं हलकी ठेवा. स्पर्धेच्या हॉलमध्ये हजारो लोक असतात, मोबाइलचं नेटवर्क रडतं आणि एफआरसीत टीम्सना स्वतःचं वायफाय लावायला मनाई असते. तिथे उघडतं ते पान खरं. मोठे व्हिडिओ टाकू नका. दुरुस्तीची पानं एका कागदावर छापता येतील अशी बनवलीत तर टीम्स ती टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवतात. मी पाहिलंय.

सुरुवात कधी? एफआरसीचा गेम जानेवारीत जाहीर होतो, एफटीसीचा सप्टेंबरमध्ये, व्हेक्सचा त्याआधीच वसंतात. आपल्या स्पर्धेचा सीझन संपल्यावर लगेचचे काही आठवडे मजकूर गोळा करायला सर्वोत्तम, कारण तेव्हा काय बिघडलं होतं ते सगळ्यांना लख्ख आठवत असतं. प्रसिद्ध करा पुढच्या गेमच्या आधी. वीसेक खरोखर कामाची पानं असली तरी पुरे; रिकामे विभाग आणि ‘लवकरच येत आहे’ पाट्या लावू नका. सीझन चालू असताना नवीन काही मागू नका, फक्त दुरुस्त्या घ्या.

उरलेलं कागदपत्रांचं. लायसन्स पहिल्याच दिवशी ठरवा. क्रिएटिव्ह कॉमन्सचं सीसी बाय-एसए 4.0 अशा कामाला ठीक बसतं, मजकूर छापता येतो, भाषांतर करता येतं, फक्त श्रेय द्यावं लागतं आणि बदललेली आवृत्तीही त्याच अटींवर खुली ठेवावी लागते. नंतर बदलायचं म्हटलं तर प्रत्येक लेखकाची संमती लागेल, आणि तोपर्यंत ते शिकून पांगलेले असतील. लिहिणारे बहुतेक अल्पवयीन, म्हणून पूर्ण नाव, शाळा, चेहरा काहीच सक्तीचं नको. पहिलं नाव आणि टीम नंबर पुरतो, तोही मुलाने आणि पालकांनी होकार दिल्यावर. फोटो रोबोचे घ्या, माणसांचे नकोत.

आणि डोमेन कोणाच्या खात्यावर आहे ते आजच बघा. शाळेच्या ईमेलवर घेतलेलं असेल तर शाळा सोडली की ते खातं बंद होतं, नूतनीकरणाची सूचना कोणालाच मिळत नाही आणि एके दिवशी तुमच्या पत्त्यावर भलतीच जाहिरात दिसते. ते एका मेंटरच्या नावावर करा, पासवर्ड किमान दोघांकडे असू द्या आणि पुढच्या वर्षीचे दोन संपादक यंदाच्या सीझनमध्येच सोबत घ्या.