पहिल्यांदा दिवे घाट चढणार असशील तर

आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडचा टप्पा सुमारे ३० किलोमीटरांचा, त्यात दिवे घाट. पहिल्याच वर्षी हाच दिवस निवडलास, छान केलंस. फक्त नवे बूट घालू नकोस. रोजच्या वापरातली चप्पल किंवा बूटच बरे, आणि मोजे दोन जोड. ओल्या मोज्यात चाललं की तळपाय सोलतात. मी एकदा तसाच रेटत गेलो, सासवडला पाय टेकवेना.

आपल्या दिंडीचा नंबर पाठ कर, आणि ती पालखीच्या रथापुढची की रथामागची तेही. चुकलास तर हेच विचारतील. गर्दीत फोन लागत नाही.

हडपसर सोडलं की वडकी नाल्यापाशी बसून घे, पोटभर नको, थोडंच खा. घाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, त्या वाटेतून बाजूला राहा. चढताना टाळाच्या ठेक्यावर पाऊल टाक, दम कमी लागतो, खरंच. वळणावर थांबून एकदा मागे बघ, अख्खा घाट भगव्या पताकांनी भरलेला असतो.

सासवडला पोचलास की आधी पाय धू, तेल चोळ, मग सोपानदेवांच्या समाधीला जा.