एफएसटॅबमध्ये नाव नको, यूयूआयडी घाल

भावा, खानापुरात बसून पहिल्यांदाच लिनक्स टाकतोयस, तर घाई करू नकोस. एसएसडीचे तीन भाग (पार्टिशन) कर: ईएफआयला (मशीन सुरू करणाऱ्या फायलींचा भाग) ५१२ एमबी, रूटला (खुद्द सिस्टीमचा भाग) ५० जीबी, बाकी सगळं होमला (तुझ्या फायलींचा भाग) दे. सिस्टीम पुन्हा टाकताना होम फॉरमॅट केलं नाहीस की फोटो, कागदपत्रं जागच्या जागी राहतात. आपल्याकडं पावसात लाईट कधी जाईल नेम नाही, म्हणून पार्टिशन लहानमोठं करताना यूपीएस हवाच.

खरी गोची एफएसटॅबमध्ये होते, म्हणजे सुरू होताना कुठली डिस्क कुठं जोडायची हे सिस्टीमला सांगणाऱ्या फायलीत. तिथं 'एसडीए', 'एसडीबी' अशी डिस्कची नावं लिहू नकोस. कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) जी डिस्क आधी सापडेल तिला आधीचं अक्षर मिळतं, उद्या हाच क्रम उलटा होऊ शकतो. निपाणीतल्या दुकानाच्या हिशेबाच्या मशीनवर मी हेच केलं होतं. सकाळी गिऱ्हाईक दारात आणि स्क्रीनवर इमर्जन्सी मोड, म्हणजे सिस्टीम अर्ध्यातच अडकलेली!

म्हणून 'बीएलकेआयडी' ही कमांड चालव आणि दिसेल तो यूयूआयडी (प्रत्येक पार्टिशनचा स्वतःचा वेगळा ओळख क्रमांक) एफएसटॅबमध्ये जसाच्या तसा उतरव. जादा डिस्कच्या ओळीत 'नोफेल' (डिस्क नसली तरी पुढं जा) घाल. नाहीतर नुसती केबल सैल झाली तरी सिस्टीम ९० सेकंद वाट बघते आणि अडकते. रीबूट करण्याआधी 'माउंट -ए' ही कमांड (एफएसटॅबमधल्या, अजून न जोडलेल्या डिस्क जोडून बघणारी) देऊन बघ, टायपिंगच्या बऱ्याच चुका तिथंच सापडतात.