'युरेका' सोडून आर्किमिडीजने गणितात नेमकं काय केलं?

टबाची गोष्ट बाजूलाच ठेवू. तसंही ती व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने लिहिली, आर्किमिडीज गेल्यावर जवळजवळ दोन शतकांनी.

मला विचाराल तर त्याची खरी करामत म्हणजे उत्तराला दोन्हीकडून कोंडीत पकडणं. पायची किंमत म्हणून आपण २२/७ घोकलं, ते याच कोंडीतून आलं. वर्तुळाच्या आत सुसम षटकोन काढा. त्याची परिमिती व्यासाच्या बरोबर तिप्पट भरते, म्हणजे पाय ३ पेक्षा मोठा. दुसरा षटकोन बाहेरून वर्तुळाला चिकटवा, म्हणजे वरची मर्यादा मिळते. मग बाजू दुप्पट करत जायचं: १२, २४, ४८, ९६. तिथे तो थांबला, तेव्हा पाय ३ पूर्णांक १०/७१ आणि ३ पूर्णांक १/७ यांच्यामध्ये सापडला होता. म्हणजे २२/७ ही नुसती वरची मर्यादा. (आमच्या वर्गात हे कुणी सांगितलं नाही.)

हे सगळं शून्य आणि दशांश चिन्हाशिवाय! प्रत्येक पायरीला वर्गमुळं, तीही अपूर्णांकांत. ३ चं वर्गमूळ त्याने २६५/१५३ आणि १३५१/७८० यांच्यामध्ये धरलं. भागून बघा, थक्क व्हाल.

त्याला स्वतःला मात्र अभिमान होता तो गोलाचा. गोल जेमतेम मावेल अशी वृत्तचिती घेतली, तर गोलाचं घनफळ तिच्या दोन तृतीयांश आणि पृष्ठफळही (वरचं-खालचं झाकण धरून) दोन तृतीयांशच. त्याच्या थडग्यावर हीच आकृती होती, इ.स.पू. ७५ मध्ये रोमन वक्ता सिसेरोने ते सिसिलीतल्या सिराक्यूजजवळ झुडपांतून शोधून काढलं.

आता गंमत. ही उत्तरं त्याला सुचली कशी, ते एराटोस्थेनिस या समकालीन विद्वानाला लिहिलेल्या एका ग्रंथात आहे: आकृतीचे पातळ काप कल्पून ते तरफेवर तोलायचे! पण तोलून मिळालेलं उत्तर तो सिद्धता मानत नसे, ती भूमितीने वेगळी द्यायचा. तेराव्या शतकात हा मजकूर खरवडून त्या चर्मपत्रांवर प्रार्थना लिहिल्या गेल्या. १९०६ मध्ये हायबर्ग या डॅनिश अभ्यासकाने कॉन्स्टँटिनोपलमध्ये त्याखालची पुसट अक्षरं वाचली.

यावरून 'कॅल्क्युलस (बारीक तुकड्यांची बेरीज करून क्षेत्रफळ-घनफळ काढणारं गणित) त्यानेच शोधलं' असं लोक ठोकून देतात. मला ते पटत नाही. प्रत्येक आकृतीसाठी त्याला नवी युक्ती लढवावी लागे; सगळीकडे चालेल असा नियम न्यूटन आणि लायब्निट्झच्या काळात आला.